मर्झबान : इराणी साम्राज्यांच्या शिवेचा राखणदार

मुंबईकरांना ‘मर्झबान’ हे पारशी नाव नवं नाही. १८२२ साली ‘मुंबई समाचार’ सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान होते, आणि फोर्टात मर्झबान पथ आजही आहे. माणसांचं नाव होण्याआधी शतकानुशतकं हे एका हुद्द्याचं नाव होतं. ‘मर्झ’ म्हणजे शीव, सरहद्द. ‘बान’ म्हणजे राखणारा. दरबान, निगेहबान या शब्दांतला तोच ‘बान’. त्याचं जुनं रूप ‘पान’, आणि त्याच्या मुळाशी असलेला ‘पा’ हा धातू आपल्याला भूप, गोप, नृप या शब्दांत भेटतो. मर्झबान म्हणजे शब्दशः शिवेचा राखणदार, आणि व्यवहारात सीमेवरच्या प्रांताचा लष्करी सुभेदार.

‘क्षत्रप’ हा त्याचाच थोरला भाऊ. जुन्या इराणीत त्याचा अर्थ ‘राज्य राखणारा’. ही पदवी शकांबरोबर भारतात आली. नाशिकच्या पांडवलेण्यांत आणि जुन्नरला कोरलेल्या लेखांतला नहपान हा क्षत्रपच. आज वर्तमानपत्रं एखाद्या भागातल्या वजनदार पुढाऱ्याला ‘क्षत्रप’ म्हणतात, तेव्हा नकळत इराणच्या हखामनी (इ.स.पू. सहावं ते चौथं शतक) दरबाराचा शब्द वापरतात.

मर्झबान कोण आणि क्षत्रप कोण, हे व्याख्येवरून कळत नाही. त्या राज्यांसमोरचं कोडं समजून घेतलं की मग कळतं.

सासानी साम्राज्याची (इ.स. २२४ ते ६५१) राजधानी तेसिफोन आजच्या बगदादजवळ होती. ईशान्येचं शेवटचं मोठं ठाणं मर्व्ह आज तुर्कमेनिस्तानात आहे. दोन्हींत सरळ रेषेतही दीड हजार किलोमीटरांहून जास्त अंतर. डोंगर, वाळवंट, वळणं धरली तर सैन्याला दिवसाकाठी तीस किलोमीटर चालूनही दोन महिने लागतील. निरोप्या घोडे बदलत लवकर पोचेल, पण हुकूम घेऊन त्याला परतही जायचं आहे. तोवर स्टेपच्या गवताळ पट्ट्यातले घोडेस्वार लूट घेऊन निघूनही गेलेले असतात. म्हणून सीमेवरच्या माणसाकडे तीन गोष्टी जागेवरच हव्यात: फौज, तिला पोसायला पैसा आणि न विचारता निर्णय घेण्याची मुभा. या तिन्ही एका हातात दिल्या, की राजा व्हायला लागणारं सगळं त्या माणसाला मिळालेलं असतं. शिवेचा राखणदार बलवान हवा आणि तरी आपला राहायला हवा. इराणी राजांनी हजाराहून जास्त वर्षं या कोड्यावर वेगवेगळे तोडगे काढले.

पहिला तोडगा हखामनी राजांचा. त्यांच्या क्षत्रपाकडे महसूल, न्याय आणि बरीचशी फौजही असे. ग्रीक लेखक झेनोफोन सांगतो, की किल्ल्यांवरच्या शिबंदीचे नायक मात्र थेट राजाला जबाबदार होते. हे कसं उपयोगी पडायचं ते हेरोडोटसने दिलेल्या एका हकिकतीत दिसतं. इ.स.पू. ५२०च्या सुमारास सार्डिसचा (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) क्षत्रप ओरोइतेस दारियुश राजाला जुमानेना. त्याच्याभोवती हजार इराणी रक्षक होते. दारियुशने फौज पाठवली नाही, बागायुस नावाचा एक माणूस आणि राजमुद्रेची काही पत्रं पाठवली. बागायुसने किरकोळ हुकुमांची पत्रं आधी वाचायला दिली आणि रक्षकांचे चेहरे पाहिले. ते शिक्क्याला मान देत होते. मग पुढचं पत्र: ‘ओरोइतेसचं रक्षण करू नका.’ रक्षकांनी भाले खाली ठेवले. शेवटचं पत्र: ‘त्याला ठार करा.’ त्यांनी तलवारी उपसल्या. क्षत्रपाच्या दालनातली फौजसुद्धा क्षत्रपाची नव्हती, आणि सगळी व्यवस्था त्यावरच टेकलेली होती.

हीच गाठ सैल झाली की काय होतं, तेही त्याच वंशाने पाहिलं. इ.स.पू. ४०८च्या सुमारास राजपुत्र धाकटा कुरुश याला पश्चिम आशिया मायनरमध्ये ‘कारानोस’ म्हणजे सरसेनापती म्हणून नेमलं. अनेक प्रांतांची फौज आणि पैसा एका हाती आला. इ.स.पू. ४०१ मध्ये तो दहा हजारांहून जास्त भाडोत्री ग्रीक शिपाई घेऊन सख्ख्या भावावर, सम्राटावर, चालून गेला. कुनाक्साच्या लढाईत तो मारला गेला म्हणून गादी वाचली.

‘मर्झबान’ हा शब्द पुढे पार्थी काळात, म्हणजे सासानींच्या आधीच्या राजवटीत, नोंदींत दिसू लागतो. आजच्या अश्गाबादजवळ निसा इथे इ.स.पू. पहिल्या शतकातली हजारो खापरं सापडली. त्यांच्यावर द्राक्षमळ्यांतून आलेल्या दारूच्या हिशोबाच्या नोंदी आहेत. त्या कोरड्या हिशोबांत तीन पदं येतात: क्षत्रप, मर्झबान आणि दिझपती, म्हणजे किल्लेदार. प्रांत, सीमा आणि किल्ला अशी उतरंड तेव्हाच होती.

मर्झबान करायचा काय

सासानी काळात आतल्या प्रांतावर ‘शहराब’ हा मुलकी अधिकारी असे. हिशोब आणि वसुली ‘आमारगर’ पाहायचा; ‘आमार’ म्हणजे मोजदाद. न्याय आणि धर्म मोबेदाकडे, म्हणजे झरतुष्ट्री धर्मगुरूकडे. पारशी समाजात हा शब्द आजही जिवंत आहे. या प्रत्येकाचा स्वतंत्र शिक्का होता आणि त्या शिक्क्यांचे मातीचे ठसे हजारोंनी सापडले आहेत. सीमेवर मात्र या सगळ्यांच्या डोक्यावर तलवारवाला माणूस बसवला जाई, तो मर्झबान.

लढाई हे त्याचं रोजचं काम नव्हतं. रोजचं काम होतं सीमा चालती ठेवणं. इ.स. ५६२ मध्ये रोमशी (पूर्व रोमन, म्हणजे बायझंटाइन राज्याशी) झालेल्या तहाची कलमं वाचली की या कामाचा आवाका कळतो. तह ५० वर्षांचा होता आणि रोमने दरसाल ३०,००० सोन्याची नाणी द्यायची होती. कॉकेशसच्या खिंडींतून हूण, अलान वगैरे टोळ्यांना रोमकडे उतरू द्यायचं नाही. दोन्ही बाजूंच्या अरब मित्रांनी एकमेकांवर हल्ले करायचे नाहीत. व्यापाऱ्यांनी ठरलेल्या जकात नाक्यांवरूनच यायचं. अरब व्यापाऱ्यांनी निसिबिस आणि दारा या दोन गावांतून, आडवाटेने नाही. सीमेलगत नवे कोट बांधायचे नाहीत. दोन्हीकडच्या रयतेत तंटा झाला तर दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांनी सीमेवरच बसून तो मिटवायचा. यातलं प्रत्येक कलम अखेर सीमेवरच्या माणसाच्या गळ्यात येतं. नाका कोण तपासणार, टोळीप्रमुखाला कोण आवरणार, पलीकडे चार दगड जास्त रचले गेले हे कोणाला आधी कळणार? निसिबिस आणि दारा यांच्यात फक्त वीस-पंचवीस किलोमीटर अंतर होतं. इतक्या जवळ चुकीच्या हातात गेलेली मेंढरंसुद्धा युद्धाचं निमित्त होऊ शकत होती.

उत्तरेकडे काम वेगळं होतं. तिथे समोर तह करायला राज्यच नव्हतं, म्हणून भिंती होत्या. कॅस्पियनच्या आग्नेयेला गोरगानची भिंत किमान १९५ किलोमीटर लांब आहे. चौकोनी भाजक्या विटांची, तीसहून जास्त किल्ल्यांची, पाचव्या-सहाव्या शतकातली. विटा करायला माती आणि पाणी जागेवरच लागतं, म्हणून आधी नदीचं पाणी कालव्याने आणलं, कालव्याच्या काठाने भट्ट्यांची रांग लावली आणि भिंत पुढे सरकत गेली. किल्ल्यांतल्या बराकींच्या रांगा मोजून अभ्यासकांनी शिबंदीचा अंदाज १५,००० ते ३६,००० असा केला आहे. एवढ्या माणसांचं धान्य, घोड्यांचा चारा, पगार हे सगळं बारा महिने चालू ठेवायचं, लढाई होवो वा न होवो.

कॅस्पियनच्या पश्चिमेला दरबंद. तिथे कॉकेशसचा डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये जेमतेम तीन किलोमीटरांची पट्टी उरते. दगडी भिंतींच्या दोन समांतर रांगांनी ती बंद केली आणि पुढे डोंगरातही सुमारे ४० किलोमीटर भिंत नेली. नावातच ‘दर’, म्हणजे दार, आणि ‘बंद’ आहे. या भिंतीवर पहलवी लिपीत कोरलेले लेख आहेत, आणि त्यांत एक नाव पुन्हा पुन्हा येतं: आझरबैजानचा आमारगर दारियुश. भिंत सीमेची आहे, तिच्यावरचं नाव मात्र हिशोबनीसाचं. भिंत राखणारा एक आणि तिच्या खर्चावर सही करणारा दुसरा, ही गोष्ट दगडात कोरून राहिली आहे.

नौशेरवानची दुरुस्ती

खुस्रो पहिला, म्हणजे नौशेरवान (इ.स. ५३१ ते ५७९), याच्या आधी घोडेस्वार सेना मुख्यतः सरदार घराण्यांची होती. सुरेन, कारिन, मिहरान ही त्यांतली मोठी नावं. सरदार स्वतःच्या जमिनीच्या उत्पन्नावर स्वार उभे करायचा, म्हणून स्वार त्याचे. खुस्रोने हात घातला तो पैशाला. वडील कवाधने सुरू केलेली जमिनीची मोजणी त्याने पुरी केली. पिकाचा वाटा घेणं थांबवून जरिबामागे रोख दर बांधला. ‘जरीब’ शब्द जुन्या मोजणीच्या कागदांमुळे आपल्याकडेही ओळखीचा. तिथला जरीब साधारण सोळा गुंठ्यांचा. अरब इतिहासकार तबरी दर देतो: गहू-जवाला जरिबामागे १ दिरहम (चांदीचं नाणं), द्राक्षांना ८, लसूणघासाला ७. इराणी खजुराच्या चार झाडांना मिळून १, साध्या खजुराच्या सहा झाडांना १. वीस ते पन्नास वयाच्या माणसांवर ऐपतीप्रमाणे १२, ८, ६ किंवा ४ दिरहम डोईपट्टी. वसुली वर्षातून तीन हप्त्यांत.

पीक बुडालं तरी रोख दर तोच राहतो, हा शेतकऱ्याला जाच होता. राज्याला मात्र पुढच्या वर्षी किती पैसे येणार हे आधी कळू लागलं, आणि त्यातून स्वारांना तेसिफोनच्या खजिन्यातून पगार देता येऊ लागला. ज्याचा पगार, त्याचा शिपाई.

पगारासाठी हजेरी आली. तबरी सांगतो, की बाबक नावाच्या अधिकाऱ्याने हजेरीचा हुकूम काढला. प्रत्येक स्वाराने पुऱ्या सामानानिशी यायचं: घोड्याचं चिलखत, स्वतःचं चिलखत, पायांचं कवच, तलवार, भाला, ढाल, कमरेला गदा, परशू किंवा सोटा, प्रत्यंचा चढवलेली दोन धनुष्यं, तीस बाण, आणि शिरस्त्राणामागे लटकणाऱ्या दोन जादा प्रत्यंचा. खुद्द खुस्रो हजेरीला आला. सगळं होतं, त्या दोन जादा प्रत्यंचा राहिल्या होत्या. बाबकने राजाला परत पाठवलं आणि त्या लावून आल्यावरच नाव पुकारलं. सर्वांत मोठा पगार ४,००० दिरहम. राजाला एक जास्त, ४,००१. हकिकतीला दरबारी रंग असेल, पण त्यातली यादी खरी महत्त्वाची आहे. जादा प्रत्यंचा नसलेला धनुर्धारी पहिली दोरी तुटली की बसून राहतो. सीमेवरची शिबंदी कागदावर भरलेली आणि प्रत्यक्षात अर्धी, हा कोणत्याही काळातला रोग, आणि त्याच्यावर हजेरी हाच उपाय.

दुसरी दुरुस्ती वरच्या पदाची. पूर्वी साऱ्या फौजेवर एकच सेनापती असे. खुस्रोने पूर्व, पश्चिम, दक्षिण आणि उत्तर (आझरबैजान) असे चार स्पाहबद, म्हणजे सेनापती, नेमले. दिशेच्या नावासकट त्यांचे शिक्के सापडले आहेत, त्यामुळे ही वाटणी नंतरच्या लेखकांची कल्पना नव्हती हे पक्कं झालं. मर्झबान आता आपापल्या दिशेच्या स्पाहबदाच्या हाताखाली आला. एक बिथरला तर उरलेले तिघे राजाच्या बाजूला.

वारसा मात्र खुस्रोलाही तोडता आला नाही. ईशान्येला निशापूरकडच्या मर्झबानाला ‘कनारंग’ असं खास नाव होतं आणि ते पद एकाच घराण्यात चालत होतं. खुस्रोने मारायला सांगितलेल्या एका राजपुत्राला कनारंगाने गुपचूप वाढवलं. इ.स. ५४१ मध्ये हे फुटलं आणि कनारंग मारला गेला. चहाडी करणारा त्याचाच मुलगा होता, आणि रिकामं पद मिळालं तेही त्यालाच.

आर्मेनिया : स्थानिक नेमावा की परका?

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात इराणची दीडशे वर्षं गेली. इ.स. ४२८ मध्ये आर्मेनियन सरदारांनी स्वतःच तक्रार करून आपला राजा काढायला लावला, आणि सासानींनी दवीन शहरात मर्झबान बसवला. सुरुवातीची मांडणी शहाणपणाची होती. सरदारांच्या जमिनी आणि घोडदळ त्यांच्याकडेच राहिले, सेनापतीपद मामिकोनियन घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिलं, वसुली पाहणारा हझारपेतही स्थानिक होता. ४४२ मध्ये मर्झबानही स्थानिकच नेमला: स्यूनिकचा वासाक.

मग सासानी राजा यज्दगर्द दुसऱ्याने एकेक दोरी ओढली. मोजदाद करायला माणूस पाठवला, कर वाढवला, चर्चची करमाफी काढली, हझारपेत बदलून इराणी आणला, आर्मेनियन घोडदळ वर्षानुवर्षं पूर्वेच्या सीमेवर अडकवून ठेवलं. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसली गेली असती. ४४९ मध्ये ख्रिस्ती धर्म सोडण्याचा हुकूम आला आणि सगळं एकदम पेटलं. वासाक आधी बंडात सामील झाला, मग राजाकडे वळला. ४५१ मध्ये अवारायरच्या लढाईत बंडाचा नेता वर्दान मामिकोनियन पडला. जिंकणाऱ्या बाजूला असूनही वासाक वाचला नाही. त्याला दरबारात बोलावलं, पद काढलं, त्याच्या कारकिर्दीतली महसुलाची बाकी त्याच्या अंगावर लावली, आणि तो कैदेत मेला. स्थानिक मर्झबानाची कोंडी इथे उघडी पडते. आपल्या माणसांसाठी तो राजाचा, राजासाठी तो त्यांचा.

४८४ मध्ये फिरोज राजा पूर्वेला मध्य आशियातल्या हेफ्थलाइटांशी लढताना सैन्यासह संपला. आता पश्चिमेला शांतता हवीच होती. न्वारसाकच्या तहात धर्माचं स्वातंत्र्य मान्य झालं, आणि पुढच्या वर्षी मर्झबान झाला तो वर्दानचा पुतण्या वाहान, म्हणजे काल-परवापर्यंतचा बंडखोर नेता. माझ्या मते सासानी राजवटीने सीमेबाबत घेतलेला हा सर्वांत सुज्ञ निर्णय. पुढचे तो विसरले. ५७२ मध्ये दवीनमध्ये अग्निमंदिर उभारणारा इराणी मर्झबान सुरेन मारला गेला आणि रोमशी वीस वर्षांचं युद्ध सुरू झालं.

याच युद्धानंतर एक वेगळा डाव खेळला गेला. आर्मेनियन सरदार स्म्बात बाग्रातुनी याला सुमारे ५९५ मध्ये मर्झबान केलं, पण आर्मेनियाचा नव्हे, तर कॅस्पियनपलीकडच्या गोरगानचा. अनुभवी सेनापती, हाती फौज, आणि भोवती त्याच्या कुळाची एक वीतभर जमीन नाही. परका मर्झबान असा नेमावा.

दार काढलं आणि वारा आला

दक्षिणेला वाळवंटाच्या तोंडावर हीरा होतं. तिथे मर्झबान नव्हता, लख्मी अरब राजे होते. वाळवंटातल्या टोळ्यांची नाती, पाणवठे, कोणाला किती दिलं की तो गप्प बसतो, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. खुस्रो दुसऱ्याने ६०२च्या सुमारास शेवटचा राजा नुमान याला काढून मारलं, आणि काही काळाने हीरेत इराणी मर्झबान आझादबेह बसला. कागदावर सीमा थेट राजाच्या ताब्यात आली. प्रत्यक्षात वाळवंटातून येणारी खबर बंद झाली. झी कारच्या लढाईत अरब टोळ्यांनी इराणी तुकडी हरवली, हा इशारा होता. ६३३ मध्ये अरब मुस्लिम फौज आली तेव्हा आझादबेह निघून गेला आणि हीरेने खंडणी कबूल केली. थोड्याच वर्षांत जवळच्या कादिसिय्याला साम्राज्याची मुख्य फौज मोडली.

केंद्र मोडल्यावर मर्झबान काय करतो? तो आपला प्रांत वाचवतो. येमेनचा इराणी सुभेदार बाझान ६२८ मध्येच इस्लामकडे वळला होता. दरबंदचा शहरबराझ ६४३ मध्ये अरबांना म्हणाला, की आमच्याकडून कर घेऊ नका, आम्ही तुमच्यासाठी ही खिंड राखतो. अट मान्य झाली. भिंत तीच, शिबंदी तीच, धनी बदलला.

शेवटचा राजा यज्दगर्द तिसरा पूर्वेकडे पळत मर्व्हला पोचला. पारशी पंचांगाचं वर्ष आजही त्याच्या राज्यारोहणापासून, ६३२ पासून, मोजतात. मर्व्हचा मर्झबान माहोये सुरी. राजाने त्याच्याकडे हिशोब मागितला, फौज मागितली. हाती पैसा नाही, मागे सैन्य नाही, अशा राजाने मागितलेला तो हिशोब होता. माहोयेने तुर्क सरदाराशी संधान बांधलं, आणि ६५१ मध्ये राजा मुर्गाब नदीकाठच्या एका गिरणीत मारला गेला. माहोयेने अरबांशी तह केला. पुढे तो कुफा शहरात खलिफा अली यांच्याकडे गेला, आणि मर्व्ह भागातल्या दहकानांनी (जमीनदारांनी) आणि स्वारांनी आपला कर माहोयेकडे भरावा असं पत्र त्यांच्याकडून घेऊन परतला. ‘मर्व्हचा मर्झबान’ ही त्याची ओळख तशीच राहिली.